अडतीस अंशांचं पाणी

तो आमच्या फाटकातून आत आला, तोच मुळी चुकून. त्याला जायचं होतं शेजारी, मालनआत्याकडे. तिची टाकी भरून वाहत होती. मार्गशीर्ष लागून दोनच दिवस झाले होते. सकाळी सातलाही सोनईत धुकं उसाच्या शेंड्यांवर टेकून असायचं. मी जास्वंदीची फुलं काढत होते, तेवढ्यात कडी वाजली.

"ताई, मालनबाईंचं घर हेच का? टाकीचा बॉल बदलायचाय."

मी वळले. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा पान्हा, डोक्याला मफलर… आणि मफलरच्या आत दोन अतिशय सावध डोळे.

मला बोलता येत नव्हतं. म्हणजे येतं, पण त्या वेळी नाही. उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन पाळायचं, असा माझा रोजचा नेम आहे. दिवसाचा पहिला शब्द देवापुढे जावा, बाकीचे मग आपले. मी शेजारच्या घराकडे बोट दाखवलं.

"ते व्हय? मग हे कुणाचं?"

मी नुसतीच पाहत राहिले. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव हळूच बदलला, मऊ झाला. मग त्यानं दोन्ही हातांनी मला समजेल असं 'सांगायला' सुरुवात केली. नळ उघडल्याची खूण केली, पाणी सांडल्याची केली, आणि शेवटी कपाळाला हात लावून 'चुकलो' म्हणाला. मला हसू आलं. हसण्यानं मौन मोडतं की नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तो परत फिरला, आणि ओट्याजवळ थबकला. तिथं एक खोका दिवाळीपासून पडून होता. माझी फुलांची परडी मी त्याच्यावरच ठेवायचे. त्यानं परडी अलगद बाजूला केली, झाकण उघडलं, आणि खूप दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं तसा आत पाहत राहिला.

"थर्मोस्टॅटिक मिक्सर… हा सोनईत कुणी आणला?"

"माझ्या पोरानं धाडलाय पुण्याहून." आतून काठी टेकत अण्णा आले. "गावातल्या दोघा प्लंबरांनी हात जोडले. तुला येतंय का बसवता?"

"येतंय. पुण्यात हॉस्पिटलच्या कामावर सात वर्षं हुतो. असले दीडशे बसवलेत."

"कुणाचा रे तू?"

"घोडेगावचा. कानिफनाथ."

अण्णांनी त्याला बसायला सांगितलं. मी आत पूजेला गेले, पण कान बाहेरच राहिले. देवानं ते माफ करावं.

अण्णांना एप्रिलात अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं. डाव्या हातात मात्र जोर राहिला नाही, आणि त्याला गरम-गारही कळेनासं झालं. एकदा सोलरच्या कढत पाण्याखाली त्यांनी तो हात धरला आणि फोड आले, तेव्हाच त्यांना समजलं. आई असती तर वेगळी गोष्ट होती. ती जाऊन सहा वर्षं झाली. मग मी बादलीत हात घालून पाणी पाहायचे, दोनदा बादली वाजवायचे आणि बाहेर जायचे. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. महिनाभर त्यांनी ते सोसलं, मग सकाळची आंघोळच सोडली. मालनआत्याचा मुलगा आठवड्यातून एकदा आंघोळ घालायला यायचा. बाकीचे दिवस ओल्या फडक्यानं अंग पुसणं. आणि आंघोळीशिवाय देवाला हात लावायचा नाही, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. म्हणून पूजा माझ्याकडे आली. समोर त्यांचा पाट मांडलेला असायचा… ते मात्र ओसरीवर पाठ फिरवून बसायचे.

त्यांना आंघोळ नको होती असं नाही. मुलीच्या हाताखालची आंघोळ नको होती. ते मला कळायचं, आणि कळून काही करता यायचं नाही.

"ह्याच्या पोटात मेणाची गोळी असते," कानिफनाथ बाहेर सांगत होता. "पाणी तापलं की ती फुगते अन् गरमाची वाट आवळते. गार झालं की आकसते. आपण आकडा लावायचा, अडतीस. अन् समजा टाकीतलं गार पाणी संपलं, तर गरमाला हे एकटं येऊ देत न्हाई. दोन्ही थांबवतं."

"एकटं येऊ देत न्हाई," अण्णा हळूच म्हणाले. "मग बसव बाबा."

*

तो रोज सकाळी सात ते आठ यायचा. त्यानंतर त्याला शिंगणापूरच्या रस्त्यावर एका लॉजच्या कामावर जायचं असायचं. ती नेमकी माझ्या मौनाची वेळ. मी त्याला पाणी द्यायचे, चहा द्यायचे, दिवा लावून द्यायचे, सगळं न बोलता. आणि तो बोलायचा. फरशी तासता तासता, माझ्याकडे न बघता, सारखा बोलायचा.

"पुण्यातनं का आलो, सगळे विचारतात. खरं सांगू का ताई? दीडशे मिक्सर बसवले, पण एकाच्याही खाली उभं राह्यलेलं माणूस बघितलं न्हाई. बसवायचं, चाचणी घ्यायची, कागदावर सही, की पुढची खोली."

मी चहाचा कप त्याच्याजवळ सरकवला.

"अन् पोरी बघायला गेलो की विचारतात, काय करता. प्लंबर म्हटलं की चहा येतो… पोरगी येत न्हाई."

मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाले.

मालनआत्या कुंपणावरून सगळं बघत होती. "बोल रे बोल तिच्याशी," ती त्याला म्हणाली. "लई गुणाची हाय. सकाळच्या पारी उलटून बोलायची न्हाई कुणाला."

"व्हय आत्या. असलं ऐकणारं माणूस मला आजवर भेटलं न्हाई."

संध्याकाळी मी दूध संकलन केंद्रावर असते. तिथं आत्या दूध घालायला आली तेव्हा तिनं कोपरानं मला ढोसलं. "काय गं राजे, सांगू का त्याला? तुला चांगलं दीड हात बोलता येतं म्हणून?"

"मी सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी पूजा आठला पाच मिनिटं कमी असताना झाली. तो अजून पिशवी भरत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडायचं, एवढंच होतं. तो म्हणाला, "तुमच्यासमोर बोललं की बरं वाटतं. तुमी घाई करत न्हाई." आणि मी तोंड मिटलं.

मी ते रात्रभर मनात धरून बसले. मौन हे व्रत आहे, आडोसा नाही. पहिल्या दिवशी मी देवासाठी गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्याचं बोलणं थांबू नये म्हणून. दोन्हीला एकच नाव देऊन चालत नाही.

*

चौथ्या सकाळी मिक्सर भिंतीवर चढायचा होता. स्लॅबवरचे दोन्ही कॉक त्यानं बंद करून ठेवले होते. भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले, त्यांच्या वर पेन्सिलीच्या खुणा. तो वाकून बघायला लागला, आणि डोकं खाजवत बसला.

"बघा की ताई… गरमसाठी 'ग' लिहिला हुता परवा. अन् गारसाठी पण 'ग'च."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गरम कुठलं? डावं का उजवं?"

पाइप दाराच्याच भिंतीत होते, आणि मी दारात आत तोंड करून उभी, त्याच्या समोरासमोर. आत शिरताना सोलरचा नळ आमच्याकडे कायम डाव्या हाताला, हे मला झोपेतही माहीत. मी डावा हात वर केला. तो हसला, मान हलवली, आणि आपल्या डाव्या हाताचा पाइप गरमाचा धरून जोडून टाकला.

वर जाऊन कॉक उघडून आला. थर्मामीटर मगात सोडला. "आधी माझा हात, मग थर्मामीटर, मग अण्णा," असं म्हणून त्यानं मिक्सरच्या मुठीवर आकडा अडतीसला लावला आणि शॉवरखाली हात धरला.

सुरुवातीला गारच पाणी आलं. लाइनमधलं. मग कोमट. मग वाफ यायला लागली. तो मूठ थोडी मागे फिरवून वाट पाहत होता, गोळी आता फुगेल, गरम आता आवळेल… मगातला पारा चाळीस, पंचेचाळीस… पन्नास. माझी नजर पाऱ्यावर, त्याची मुठीवर.

"हात काढा."

तो आवाज कुणाचा, हे मलाच क्षणभर कळलं नाही. त्यानं हात काढला. तळवा आणि मनगट लालभडक झालं होतं. पण तो हाताकडे बघतच नव्हता.

"तुमी… बोलता?"

"हो."

"कधीपासनं?"

"लहानपणापासून."

मी पाणी बंद केलं, त्याचा हात धरून गार पाण्याच्या बादलीत बुडवला. आम्ही दोघं त्या बादलीशी उकिडवे बसलो होतो.

"पूजा होईपर्यंत मौन असतं माझं," मी म्हटलं. "रोज."

"अन् पूजेनंतर?"

"पूजेनंतर सांगणार होते. पण तुम्ही बोलत होतात…"

त्याचे कान हाताइतकेच लाल झाले. "चहा येतो, पोरगी येत न्हाई… ते पण ऐकलं?"

"ऐकलं."

त्यानं बादलीत हात उलटा-सुलटा केला. मग एकदम वर पाहून म्हणाला, "तुमी डावा हात दाखवला. तुमचं डावं. मी तुमच्या समोर हुतो." त्यानं डोळे मिटले. "उलटं जोडलं मी. गरमाच्या तोंडात गार, गाराच्या तोंडात गरम. तापेल तसं ते आणखी तापत जाणार."

"माझी चूक आहे."

"न्हाई. पाइपला हात लावून बघायला पाह्यजे हुतं. सात वर्षांत कधी विचारून जोडलं न्हाई. आज तुमाला विचारायची हौस आली."

मागे काठी वाजली. अण्णा दारात उभे होते. ते त्याच्या हाताकडे बघत होते.

"काढून टाक ते," अण्णा म्हणाले. "तुझ्या हाताला कळलं, तू काढलास. माझ्या हाताला कळलंच नसतं."

कानिफनाथनं कॉक बंद केले, पिशवी उचलली. जाताना तो मला काही बोलला नाही. 'ताई'सुद्धा म्हणाला नाही.

त्या दिवशी मी उशिरा पूजा केली. व्रत मोडलं याचं वाईट वाटत नव्हतं, आणि वाटत नव्हतं याचंच वाईट वाटत होतं. देवापुढे मी ते तसंच सांगून टाकलं.

*

दोन दिवस तो मिक्सर भिंतीवर तसाच राहिला. अण्णा त्या बाजूला फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना औषध देताना मी म्हटलं, "अण्णा, यंत्र चुकलं नाही. मी चुकले. चार दिवस त्याला मुकी वाटत राहिले, आणि वाटू दिलं. एका शब्दाचं काम मी हातानं केलं."

"हात तर दाखवलास की."

"दाखवला. कुणाचं डावं, ते नाही दाखवलं."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले, आणि मग खांदे हलायला लागले त्यांचे. किती दिवसांनी हसत होते. हसता हसता डोळे पुसून म्हणाले, "वाटू का दिलंस?"

मी गोळ्यांचं पाकीट दोनदा उघडलं, दोनदा मिटलं.

"बरं," अण्णा म्हणाले. "बोलव त्याला. पण ह्या वेळी गार बंद करून बघायचं, ते मी करणार."

मी संध्याकाळी केंद्रावरून फोन लावला.

"हॅलो, मी राजेश्वरी बोलतेय."

पलीकडे रस्त्याचा आवाज. मग, "बोलताय… बरं वाटलं."

"हात कसा आहे?"

"जागेवर हाय. आई विचारत हुती, कुणाच्या घरी भाजलं."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, एका मुक्या पोरीनं वाचवलं."

मी फोन कानाशी धरून रांगेतल्या दुधाच्या किटल्यांकडे बघत राहिले. तीन जणांच्या फॅटचे आकडे पुन्हा काढावे लागले त्या दिवशी.

फरशीचे दोन तुकडे गेले आणि दोन सकाळी गेल्या. पाइप आत उलटेपालटे करून त्यानं नीट आणले. आता पूजा उरकून मी लवकर यायचे, आणि तो कामावर उशिरा जायचा. ह्या वेळी त्यानं भिंतीवर पुरते शब्द लिहिले, 'गरम' आणि 'गार'.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," मी म्हटलं.

"बोलणं पण बरं हाय म्हणतात. ऐकणारं असलं की."

"मी ऐकायची बंद झालेय का?"

"न्हाई. पण आता उत्तरं येतात. भीती वाटते."

"कसली?"

तो मिक्सरच्या आतल्या गाळणीच्या जाळ्या धूत होता. आमच्या बोअरचा पांढरा क्षार बारीक जाळीत किती पटकन बसतो, ते मला दाखवायला त्यानं एक जाळी उजेडात धरली. तिच्यातून त्याचा एक डोळा दिसत होता. "उत्तर न्हाई म्हणून आलं तर…" एवढं बोलून त्यानं जाळी खाली घेतली. त्यानं मला 'ताई' म्हणणं कधी सोडलं ते नेमकं आठवत नाही. सोडलंय हे मात्र त्या सकाळी लक्षात आलं.

*

चाचणी गुरुवारी होती. माझी पूजा अजून व्हायची होती, म्हणून मी गप्प होते. कानिफनाथनं आधी आपला हात घातला, मग थर्मामीटर. अडतीस. त्यानं मला स्वयंपाकघरातला नळ सोडायची खूण केली. मी सोडून धावत आले, तोवर गाराचा जोर कमी होऊन पारा एकोणचाळीसवर चढला, थरथरला, आणि परत अडतीसवर येऊन थांबला. मूठ त्यानं जोर लावून पुढे फिरवून दाखवली. अडतीसच्या पुढे ती सरकतच नव्हती, आत त्यानं खीळ घातली होती.

"आता गार बंद करायचं," तो म्हणाला.

ह्या वेळी त्यानं शॉवरजवळच गाराचा एक वेगळा कॉक बसवला होता; अण्णांनी उजवा हात त्यावर ठेवला. आणि डावा, तो काही न कळणारा हात, त्यांनी शॉवरखाली धरला.

मी पुढे होणार, तेवढ्यात कानिफनाथनं आपला हात अण्णांच्या हातावर, पाण्याच्या आणि त्यांच्या मधोमध, पसरून धरला. तोच हात, मनगटावरची कातडी अजून नवी होती. अण्णांनी त्या हाताकडे पाहिलं. मग कॉक फिरवला.

एक… दोन… पाण्याची धार बारीक झाली. तीन. दोन थेंब पडले, आणि शॉवर कोरडा झाला. न्हाणीघरात एवढी शांतता झाली की अण्णांचा श्वास ऐकू आला.

"कढत आलं का रे?"

"न्हाई अण्णा. एक थेंब न्हाई."

अण्णांनी परत कॉक उघडला, परत बंद केला. तीनदा. मग म्हणाले, "व्हा दोघं बाहेर."

दार लागलं. कडी लागली, आतून. आठ महिन्यांत ती कडी लागली नव्हती. मग पाण्याचा आवाज सुरू झाला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या दाराबाहेर मी कितीदा कान लावून उभी राहिले असेन, काही पडलं का, ओरडले का. आज आत फक्त पाणी पडत होतं, आणि थोड्या वेळानं अण्णांचं गुणगुणणं.

"पह्यल्यांदा," कानिफनाथ कुजबुजला. "पह्यल्यांदा कुणीतरी खाली उभं राह्यलं."

त्याचे डोळे ओले होते. माझे तर होतेच.

"तुमी सांगत हुता तसं बादली वाजवायला आता कुणी लागणार न्हाई," तो म्हणाला. "म्हणजे तुमाला… इथंच राह्यला पाह्यजे असं न्हाई आता. म्हणजे… कधी दुसऱ्या गावाला जायचं झालं तर." तो थांबला. "घोडेगाव काही लांब न्हाई. अण्णांना विचारणार हाय मी. पण आधी तुमाला."

मी मान वर केली.

"न्हाई, मान हलवू नका. हात तर अजिबात दाखवू नका." तो हसायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं. "मला शब्द पाह्यजे. पूजा होऊ द्या. मी ओट्यावर थांबतो."

अण्णा बाहेर आले ते केसांतून पाणी निथळत, अंगावर धुतलेलं धोतर, गालांवर लाली. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "फुलं आण." आणि आपल्या पाटावर बसले.

पूजा माझ्या हातची वीस मिनिटांची. अण्णांची एक तासाची होती, आणि आता एका हाताची. चंदन उगाळायला वेळ, एकेक मूर्ती पुसायला वेळ. मध्येच स्तोत्राची ओळ हरवायची, ते डोळे मिटून शोधायचे, सापडली की पहिल्यापासून सुरू करायचे. मी फुलं देत बसले होते. बाहेर कानिफनाथचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. लॉजवाले असणार. त्यानं तो उचलला नाही. माझ्या मौनाचे किती दिवस झाले मी मोजत नाही, पण त्या सकाळी घशात साठलेला शब्द मला हातात धरल्यासारखा जड लागत होता.

घंटा वाजली. अण्णांनी देवाला हात जोडले, एक आपला आणि एक उचलून आणलेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा. पोरगं तासभर थंडीत बसलंय."

मी ओट्यावर गेले. तो उभा राहिला. पाठ केलेलं सगळं पळून गेलं. जे तोंडात आलं ते मी बोलले.

"घोडेगावला तुमच्याकडे पाणी कसलं आहे? विहिरीचं की बोअरचं?"

तो गोंधळला. "बोअरचं. लई क्षार हाय. केस राठ होतात, आई म्हणते."

"होऊ देत."

त्याला दोन क्षण लागले. मग तो इतक्या हळू म्हणाला की वारा असता तर गेलंच असतं, "म्हणजे… व्हय का?"

मी आयुष्यात कधी तो शब्द तसा म्हटला नव्हता. आमच्या बाईंनी शाळेत 'हो' म्हणायला शिकवलं होतं.

"व्हय," मी म्हटलं.